कुकरच्या पाच शिट्ट्या होईपर्यंत फोन न ठेवणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, तुमचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा कुठल्या चौकात तेही नको म्हणालात. "गर्दी झाली तर मला एकट्याला झेपायची नाही," हे तुमचं म्हणणं. बरं, नाही लिहीत. पण पत्र लिहू नका असं काही तुम्ही बोलला नव्हता, तेव्हा हे माझ्याकडून.

तुम्हाला ठाऊक आहे ते इतरांसाठी सांगते. मी कोरेगावची. नवरा लग्नांचं शूटिंग करतो, मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, मी करते. सोळा वर्षं झाली. मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत तीन तासांचा फुल व्हिडिओ करायचा तर माझं एडिटिंगचं जुनं सॉफ्टवेअर एडियस आणि मी, आमचं बरं चाललं होतं. अलीकडे मात्र पार्टीला फुल व्हिडिओ नुसता कपाटात ठेवायला लागतो. बघायला हवं ते तीन मिनिटांचं हायलाइट, तेही "सिनेमासारख्या कलरमध्ये". म्हणून मी डाविंची रिझॉल्व्ह हे दुसरं सॉफ्टवेअर शिकले. फुकटचं आहे, चांगलं आहे, पण त्याची सगळी भिस्त ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे चित्राचं काम करणाऱ्या वेगळ्या कार्डावर. आणि माझ्या कॉम्प्युटरला कार्डच नव्हतं. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, आडवा, बुटका डबा. आत चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४५७०. २०१३ सालचा प्रोसेसर, आमच्याकडे आला २०१९ मध्ये.

तर तुळशीच्या लग्नाच्या आधी, सीझन सुरू व्हायच्या आत कार्ड बसवून घ्यावं म्हणून आम्ही पहिल्या दुकानात गेलो. ते दुकानही मी सांगत नाही. त्याची कारणं मात्र वेगळी.

तिथे पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच झाला. "किती जीबीचं देऊ?" गोडं तेल मागावं तसं. दोन की चार? आम्ही आपलं म्हटलं चार द्या, जास्त असलेलं बरं. ४,८०० रुपये मोजून जीटी ७३० घेऊन आलो. घरी लावलं तर डाविंचीने दोन क्लिपा घेतल्या आणि मान टाकली. ते एक वेळ चाललं असतं. पण एडियस, जे इतकी वर्षं निमूट चालत होतं, तेही अडखळायला लागलं. कार्ड लावून कॉम्प्युटर आधीपेक्षा हळू झाला, असं मी कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. मलाच वाटत नव्हतं.

परत गेले. काउंटरवर डबा ठेवून म्हटलं, "सीपीयू आणलाय, जरा बघा." तर मालक हसले. हाताखालच्या पोरालाही खूण करून हसवलं. "काकू, सीपीयू आत असतो. ह्याला कॅबिनेट म्हणतात." आणि मग पुढचं सगळं माझ्या नवऱ्याला सांगत बसले. तो बिचारा हातात हेल्मेट धरून उभा. त्याला कॅमेऱ्याची लेन्स डोळे झाकून बदलता येते, पण एडियस उघडायचं कुठून ते आजही माहीत नाही. मी मधे दोनदा बोलले. दोन्ही वेळा उत्तर त्यालाच मिळालं. शेवटी निकाल काय, तर मशीन जुनं झालंय, चाळीस हजारांचं नवं घ्या. कार्ड परत? ते "उघडलेलं" होतं.

एक सांगते, त्या दिवशी मला पैशाचं इतकं लागलं नाही. चूक आपलीच असणार, आपल्याला यातलं काय कळतंय, हे जे मनात बसलं ना, ते लागलं. अकरा लग्नांचं काम पडलेलं, रोज कुणाचा तरी बाप फोनवर आवाज चढवायचा, आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून आपल्याच हाताला दोष देत होते.

मधे पुण्याला तापकीर गल्लीतही जाऊन आले. तिथल्या माणसाला दोष देणार नाही, तो घाईत होता आणि मी डबा नेला नव्हता. त्याने दाखवलेलं कार्ड हातभर लांब. त्याला वेगळी पॉवरची वायर, त्यासाठी नवा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा खोका, आणि ते सगळं माझ्या डब्यात मावणार कसं, हे त्यानेही विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. बसभाडं गेलं. चितळ्यांची बाकरवडी तेवढी आली.

तुमचा नंबर दिला आमच्या मांडववाल्याने. रात्री साडेआठला लावला. उचलणार नाही असंच धरून चालले होते.

तुम्ही कार्डाचं नावच काढलं नाहीत. म्हणालात, "ताई, एका लग्नाचं काम तुम्ही कसं करता, मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढल्यापासून सांगा." दादा, सोळा वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही. मी दहा मिनिटं बोलले असेन. सीपीयू, सीपीयू म्हणत होते तर तुम्हीही सीपीयूच म्हणालात. हे माझ्या लक्षात आलं बरं का.

मग म्हणालात, डबा उघडता येईल का, आणि घरात पट्टी आहे का. स्लॉटपासून, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेपासून, शेजारच्या पत्र्यापर्यंत जागा किती ते बघायचंय.

पट्टी मुलीच्या कंपासमध्ये. कंपास दप्तरात. दप्तर कुठे, ते देवाला माहीत. मी कपाटं उघडतेय, तिकडे तुमच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मला कसंनुसं झालं. म्हटलं, "दादा, तुमची जेवायची वेळ, मी ठेवते. सापडली की उद्या करते." तर तुम्ही म्हणालात, "नको ताई, सावकाश शोधा. मी आहे लाइनवर."

तिसरी शिट्टी. चौथी. पट्टी सापडेना, शेवटी शिवणाच्या मशिनच्या खणातला टेप काढला. पाचव्या शिट्टीला तुमच्या घरातून बाईमाणसाचा आवाज आला, "अहो, गॅस!" तुम्ही फोन बाजूला धरून हळूच "बंद कर गं" म्हणालात, आणि परत माझ्याशी तसेच शांत. "हं, किती भरतंय?"

साडेचार सेंटिमीटर.

"मग काम झालं," म्हणालात. "दोन स्लॉट जाडीच्या कार्डाला चार लागतात."

या पत्रात बाकी काही नसतं तरी चाललं असतं. "मी आहे लाइनवर." मी तुमची गिऱ्हाईकही नव्हते अजून. एक रुपया ठरलेला नव्हता. भात शिजत होता.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात जे झालं ते मी सगळं सांगत बसत नाही, पण काही गोष्टी इतरांच्या कानावर पडाव्यात असं वाटतं. माझ्यासारख्या कितीजणी त्या "किती जीबीचं देऊ"च्या काउंटरवर उभ्या असतील.

पहिली गोष्ट, तुम्ही एडियस पाच मिनिटांत पूर्ववत केलंत, आणि त्याला काहीही विकत घ्यावं लागलं नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटातच एक ग्राफिक्स असतं, माझं जुनं एडियस व्हिडिओ उलगडायला त्याचीच मदत घेतं, क्विक सिंक म्हणतात त्याला. बाहेरचं कार्ड घातल्यावर ते आतलं आपोआप बंद झालेलं. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन परत चालू करायचं, एवढंच. चाळीस हजारांच्या नव्या मशीनचा सल्ला आणि ही एक सेटिंग! वर तुम्ही म्हणालात, "ह्याचे पैसे नाहीत ताई, ह्यात मी काही घातलं नाही."

दुसरं ते टाकीचं. जीटी ७३० बद्दल मी विचारलं, तर तुम्ही कागदावर टाकी काढून दाखवलीत. चार जीबी मेमरी म्हणजे टाकी मोठी. पण माझ्या कार्डावर जुनी डीडीआर३ मेमरी, म्हणजे तोटी बारीक, आणि मागे विहिरीवरचा पंपही अर्ध्या ताकदीचा. २०१४ सालचं कार्ड, खोका नवाकोरा. तुम्ही सुचवलेल्या जीटीएक्स १६५० ची टाकीही चारचीच. पण तोटी कितीतरी रुंद, आणि पंप, म्हणजे आत काम करणारे कोअर, ३८४ च्या जागी ८९६. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत मी राहते दादा. मला हे जन्मभर विसरायचं नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही विसरला असाल. माझ्या भाच्याने सुचवलेलं आरएक्स ६४०० तुमच्या कपाटात सीलबंद होतं. मला दिसत होतं. बुटकं कार्ड, वेगळी वायर लागत नाही, नवीन, वॉरंटीचं. मी तर पैसे काढायलाच बसले होते. तुम्ही म्हणालात, "गेम खेळणाऱ्याला देईन, तुम्हाला नाही." कारण तयार झालेला व्हिडिओ बाहेर काढताना जो एन्कोडर लागतो, तो त्या कार्डात बसवलेलाच नाही, आणि माझ्या जुन्या बोर्डावर त्याच्या चार लेन, म्हणजे माहिती जायच्या वाटा, त्यासुद्धा अर्ध्या वेगाने चालणार. नव्या कार्डात तुम्हाला चार पैसे जास्त सुटले असते, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. आमचाही धंदाच आहे.

१०५० टीआय हे कार्ड दीड-दोन हजारांनी स्वस्त मिळत होतं, तेही तुम्ही नको म्हणालात. २०१६ ची पिढी, तिला नेहमीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मिळणं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबलं. मग वापरलेलं, बुटक्या पट्टीचं १६५०, जे ७५ वॅटच्या आत स्लॉटमधूनच वीज घेतं. ७,२०० रुपये. एसएमपीएसच्या स्टिकरवरचे वॅट तुम्ही दोनदा वाचलेत, एकदा चष्मा लावून.

आणि मशीनचं वय झालंय हेही तुम्ही लपवलं नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ या प्रोसेसरला रीतसर बसत नाही, तेव्हा दोन वर्षं ओढा, यात आणखी पैसे घालू नका, पुढच्या डब्यात हेच कार्ड घेऊन जा. पहिल्या दुकानानेही "जुनं झालंय" हेच सांगितलं होतं की. शब्द तेच, पण तिथे ऐकून रडू आलं होतं आणि तुमच्याकडे हायसं वाटलं. असं का, ते मी अजून धड सांगू शकत नाही.

जुनं ७३० तुमच्यापुढे सरकवलं, म्हटलं काय येतील ते द्या. तर म्हणालात, "हे घेतलं तर मला कुणाला तरी विकावं लागेल." बस. एवढंच बोललात आणि पुढच्या माणसाचा लॅपटॉप उघडायला घेतलात.

आमच्या गल्लीत एक टेलर आहेत, ब्लाउजपीस कमी पडत असलं तर कात्री लावायच्या आधी सांगतात. कापून झाल्यावर नाही. एक डॉक्टर होते, आता थकलेत, "इंजेक्शन द्या" म्हणून हट्ट धरणाऱ्या म्हाताऱ्यांना ताक प्या म्हणून परत पाठवायचे, आणि म्हातारे बाहेर येऊन त्यांनाच नावं ठेवायचे. अशी माणसं फार श्रीमंत झालेली मी पाहिली नाहीत. पण त्यांच्या दारात चप्पल काढताना मनात धाकधूक नसते. तुमच्या गाळ्याला दारच नाही, शटर आहे, तरी चप्पल काढावीशी वाटली होती. धूळ बघून नाही काढली, खरं सांगते.

आणि तुम्ही, पहिले दुकानदार, हे वाचत असाल तर तुमच्यासाठीही दोन शब्द. माझे ४,८०० रुपये राहू द्या तुमच्याकडे. फक्त पुढची बाई "सीपीयू आणलाय" म्हणाली तर हसू नका, आणि ती बोलत असेल तर तिच्याकडे बघून उत्तर द्या. तिच्या नवऱ्याला माहीत नसतं हो.

तर दादा, अकरापैकी नऊ लग्नं पोचती झाली. तीन मिनिटांचं हायलाइट बाहेर निघायला पूर्वी भांडी घासून, दूध तापवून, मुलीचा अभ्यास घेऊन व्हायचं. आता चहाला उकळी येईपर्यंत होतं. पहिलं हायलाइट नेलं ते वाठारच्या पार्टीने, तोच मुलीचा बाप, ज्याने फोनवर सगळ्यात जास्त आवाज चढवला होता. मोबाइलवर बघितलं, परत लावलं, आणि काही न बोलता मोबाइल बायकोकडे दिला. बाकीचे पैसे त्याच दिवशी दिले. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याला येणं आहे. लिंबाचं लोणचं आणते. नको म्हणू नका, ते तुमच्यासाठी नाहीच. त्या रात्री पाचव्या शिट्टीला ज्यांनी उठून गॅस बंद केला, त्यांच्यासाठी आहे.

तुमची,
कोरेगावची मिक्सिंगवाली ताई

ता. क. : डब्याचा जो एक स्क्रू तुमच्याकडेच राहिला असं मी म्हणत होते, तो शिवणाच्या मशिनच्या खणात सापडला. टेपच्या शेजारी.