उजेड लेझरचा नाही, मातीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या निमित्ताने आपण चंद्रावर फिरलेल्या चांद्रयान-३ च्या 'प्रज्ञान' रोव्हरवर लेख छापलात. लेख आवडला, पण एक वाक्य खटकले. लेझरचा किरण मातीवर आपटून परत आला आणि त्यावरून गंधक सापडले, असे त्यात लिहिले आहे. तसे घडलेले नाही. यंत्राने जो उजेड तपासला तो मातीचा स्वतःचा होता.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये मी २२ वर्षे हेच काम केले, म्हणून ठामपणे लिहितो. ओतकामाआधी भट्टीतला पळीभर रस तांब्याच्या साच्यात ओतून नाणे पाडायचे, ते घासून स्पेक्ट्रोवर (उजेडातले रंग वेगळे करून वाचणाऱ्या यंत्रावर) ठेवायचे आणि स्पार्क मारायचा. नाण्यावर काळसर डाग पडतो आणि जरा वेळात कार्बन, सिलिकॉन, गंधकाचे टक्के पडद्यावर येतात. ठिणगीत पेटलेल्या धातूच्या वाफेचा रंग यंत्र वाचते. 

रोव्हरवर विजेच्या ठिणगीचे काम लेझर करतो. झळक काही नॅनोसेकंदांचीच, पण ती सुईच्या टोकाएवढ्या जागेत एकवटली की तिथल्या मातीची वाफ होते, अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि दहा हजार अंशांच्या आसपास तापलेला प्लाझ्मा तयार होतो. हा प्लाझ्मा हाच दिवा. पहिल्या क्षणी तो नुसता पांढरा भगभगतो, त्यातून काहीच ओळखता येत नाही. म्हणून अशी यंत्रे साधारण मायक्रोसेकंदभर थांबून मग बघतात. तोवर प्लाझ्मा जरा निवतो, इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या खालच्या पायरीवर उतरतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रंगांच्या रेषा वेगवेगळ्या दिसू लागतात. सगळी खुबी या थांबण्यात आहे, आणि लेखात नेमके तेच राहून गेले.

घरात आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग, ५८९ नॅनोमीटरचा. सोडियमला गॅसची ज्योत पुरते. गंधकाच्या अणूंच्या रेषांना ती पुरत नाही, त्यांना प्लाझ्मासारखी उष्णता लागते.

ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधक असल्याची खात्री पटली ती रोव्हरवरच्या या यंत्रामुळे. वरून घिरट्या घालणाऱ्या यानांच्या उपकरणांना ते शक्य झाले नव्हते. हे यंत्र इस्रोच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत तयार झाले, याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणूनच ते चालते कसे हे चुकीचे छापले जाऊ नये.

पुढच्या अंकात छोटी दुरुस्ती द्यावी, ही विनंती. माझ्या सातवीतल्या नातीने आपला लेख कापून विज्ञानाच्या वहीत चिकटवला आहे. त्या वाक्याखाली तिने पेन्सिलीने रेघ मारून शेजारी जागा मोकळी ठेवली आहे.

– एक वाचक, जुळे सोलापूर