'आजचे कार्यक्रम'मध्ये डेव्हलपर आणि व्हिडिओवाल्यांनाही जागा द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरात रोज 'आजचे कार्यक्रम' अशी चौकट येते, त्यात कीर्तन असतं, पुस्तक प्रकाशन असतं, वधू-वर मेळावा, रक्तदान शिबिर असतं आणि ते असायलाच पाहिजे, पण डेव्हलपर म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे आणि व्हिडिओ करणाऱ्यांचे जे मेळावे होतात त्यांची एक ओळसुद्धा तिथे दिसत नाही, ती यावी म्हणून हे पत्र. मी कराडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. वर्गातली बरीच पोरं कोडिंग शिकतायत, बरीच गावाकडचे व्हिडिओ टाकतात, काहीजण दोन्ही करतात.

२०२३ ला कोल्हापुरात वर्डकॅम्प झाला. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेस नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ते वापरणाऱ्या आणि बनवणाऱ्या लोकांनी स्वतः भरवलेला हा मेळावा, कुणाच्या नफ्यासाठी नाही, तिकीट मुद्दाम परवडेल असं ठेवतात, जेवण त्यातच. कराडहून एसटीत बसलं की सकाळी वेळेत पोचता येतं असं हे ठिकाण, आणि आमच्या पोरांना हे कळलं कधी, तर लोकांनी फोटो टाकले तेव्हा. खूप वाईट वाटलं मला. हाच वर्डकॅम्प आशिया पातळीवर आधी बँकॉकला झाला, मग तैपेईला, मग मनिलाला आणि २०२६ साठी निवड झाली मुंबईची. त्याचा पहिला दिवस असतो काँट्रिब्युटर डे, त्यात नवख्या माणसाला शेजारी बसवून काम शिकवतात, आणि त्यातलं सगळंच काम कोडिंगचं नसतं बरं का, वर्डप्रेस मराठीत आणायचं, भाषणांच्या व्हिडिओंना सबटायटल करायची, हे मराठी घेऊन बीए करणारी मुलगीपण करू शकते.

पुण्यात तर हे कधीपासून चालू आहे. २०११ ची पायकॉन इंडिया, म्हणजे पायथन प्रोग्रामिंगवाल्यांची देशभरची परिषद, पुण्यात झाली, २०१७ ला पायकॉन पुणे झाली, सिम्बायोसिसमध्ये ग्नूनिफाय हा खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा वर्षानुवर्षं भरत होता. शिवाय शनिवारी-रविवारी कुठल्या तरी कंपनीच्या हॉलमध्ये मीटअप म्हणजे छोटे मेळावे होतात, बहुतेक फुकट, फक्त आधी नाव नोंदवायचं. पण ही माहिती असते इंग्रजीत, आणि ज्या ग्रुपमध्ये ती फिरते त्या ग्रुपमध्ये तुम्ही आधीपासून असावं लागतं, मग पुण्यातल्या पोराला कळतं आणि पाटण, वडूजच्या पोराला नाही.

कुणी म्हणेल हे तंत्रज्ञानवाले लोक, यांना पेपर कशाला लागतो, मोबाईल आहे की. साहेब, पेपर पोरांपेक्षा त्यांच्या आईवडिलांसाठी लागतो. माझ्या वर्गातल्या मुलीने घरी मोबाईल दाखवून सांगितलं की पुण्यात शनिवारी अनोळखी लोकांची मीटअप आहे आणि मला जायचंय, तर घरचे नाही म्हणतात, आणि त्यांची काळजी मला कळते. तेच तुमच्या पेपरात छापून आलं, कुठल्या हॉलमध्ये, कोण घेतंय, किती वाजता संपतं, तर वडील स्वतः स्टँडवर सोडायला येतात. पुण्यात पायलेडीज म्हणून खास बायका-मुलींचा पायथन गट आहे, हे किती पालकांना माहितीये? आणि दुसरं म्हणजे प्लेसमेंटचं आमिष दाखवून पैसे घेऊन सर्टिफिकेट वाटणारी वर्कशॉप गल्लोगल्ली झालीयत, त्यातून खरा मेळावा कुठला ते तुमचा वार्ताहर एक फोन करून सांगू शकतो.

आता व्हिडिओवाल्यांचं. मे २०२५ ला मुंबईत वेव्हज ही मनोरंजन आणि माध्यमवाल्यांची परिषद झाली, तिथे यूट्यूबच्या प्रमुखांनी सांगितलं की तीन वर्षांत भारतातल्या क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्यांना २१ हजार कोटींच्या वर पैसे दिलेत. आकडा मोठा आहे, पण शेळीपालनाचे व्हिडिओ करणाऱ्या पोराला त्याच्या कामाची बातमी वेगळी लागते, म्हणजे आता ५०० सबस्क्रायबरवर पार्टनर प्रोग्रामचा, म्हणजे यूट्यूबवरून कमाई करायच्या योजनेचा, पहिला टप्पा उघडतो पण जाहिरातीच्या पैशाला १००० च लागतात, दुसऱ्याचं गाणं लावलं आणि ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे मालकी हक्क मोडल्याचे ठपके, आले तर चॅनल जाऊ शकतं, आणि पैसे घेऊन एखाद्या वस्तूचं कौतुक केलं तर तसं व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं.

चॅनल हॅक होणं हा तर सगळ्यात मोठा घोर. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारचं 'आपली आजी' हे रेसिपींचं चॅनल २०२० मध्ये हॅक झालं होतं, नशिबाने परत मिळालं. हे करणाऱ्यांची एक पद्धत गूगलनेच २०२१ ला सविस्तर सांगितलीये, आधी स्पॉन्सरशिपचा मेल येतो, त्यातली फाइल उघडली की ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे आपण लॉगिन केलंय याची साठवलेली खूण, चोरीला जातात आणि मग पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताच समोरचा आत शिरतो. हे एखादा डेव्हलपर दहा मिनिटांत मराठीत समजावून देईल, फक्त तो आणि व्हिडिओवाला एका हॉलमध्ये आले पाहिजेत. उलट बाजूने बघा, या मीटअपमधली चांगली भाषणं नीट रेकॉर्ड न झाल्याने वाया जातात, आणि इकडे आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगमध्ये तयार झालेली, कॅमेरा-माईक कोळून प्यायलेली पोरं आहेत. ब्रसेल्सच्या फॉसडेम या खुल्या सॉफ्टवेअरच्या परिषदेत खोल्याखोल्यांतली भाषणं स्वयंसेवकच रेकॉर्ड करतात आणि ती सगळ्यांना फुकट बघता येतात. तसं आपल्याकडे मराठीत व्हावं असं मला फार वाटतं.

मागणी मोठी नाहीये. दर गुरुवारी चौकटीत फक्त सहा-सात ओळी द्या, कार्यक्रम, गाव आणि हॉल, वेळ, फी, भाषण मराठीत की इंग्रजीत, नोंदणी कशी करायची. पुणे-मुंबईबरोबर कोल्हापूर, सांगली, सातारा, नाशिक, नागपूरचंही घ्या. गुरुवार यासाठी म्हणतोय की शनिवारच्या पहिल्या एसटीची तयारी करायला मधे एक दिवस मिळतो. माहिती गोळा करून, आयोजकांना फोन करून खात्री करायचं काम मी आणि माझे विद्यार्थी आनंदाने करू, त्याचं मानधन वगैरे काही नको. मजकूर कुठल्या वारापर्यंत आणि कुणाकडे पाठवायचा तेवढं कळवा, पुढच्या आठवड्यापासून सुरू करतो.

आपला,
एक शिक्षक, कराड