विमान घरी आणताना

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांचे दोन प्रश्न राहून गेले. विकत घेतलेलं एवढं जुनं विमान अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उडवत का आणायचं, आणि घरी कोणत्या तारखेला पोहोचणार? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ट्रकवर घालायचं तर पंख उतरवावे लागतात. ते पुन्हा बसवून प्रत्येक तार, नळी आणि बोल्ट तपासून घेणं मला उडवत आणण्यापेक्षा जास्त जोखमीचं वाटतं. दुसऱ्याचं उत्तर असं, की तारीख ठरवलेलीच नाही, आणि ती मुद्दामच ठरवलेली नाही.

विमान आहे सेस्ना १७२पी, १९८१ चं. चार जागा, १६० अश्वशक्तीचं एकच लायकोमिंग इंजिन. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो सरळ रेषेत सुमारे ३,३५० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली तीनदा. स्थिर हवेत वेग ताशी २०० किलोमीटर, पण इथे वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे आमच्या तोंडावर येतो. त्यामुळे ताशी १७० धरून चाललं पाहिजे. हवेत एकूण वीसेक तास.

बाबा, वयाची काळजी तुम्ही करता, पण विमानाचं वय वर्षांपेक्षा ते किती उडलं आणि किती पडून राहिलं यावरून कळतं. पडून राहिलेलं जास्त वाईट. लायकोमिंग इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. महिनोन्‌महिने उभ्या इंजिनात त्याच्यावरचं तेल खाली ओघळतं आणि धातू गंजतो. त्यातून फ्लोरिडाची हवा खारट आणि दमट. कोकणात खिडक्यांच्या गजांचं काय होतं ते आई जाणते. म्हणून विकणाऱ्याच्या नव्हे, वेगळ्या मेकॅनिककडून तपासणी करून घेतली. पंखांची झाकणं उघडून आतला गंज पाहिला. तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते बघितलं. प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून किती टिकते ते मोजलं. चारही सिलिंडर सत्तरीच्या वर आहेत. हवा गळत असली, तर ती कुठून फुसफुसते हे ऐकायचं असतं. एक्झॉस्टमधून आली तर झडप खराब, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. नाव बदलण्याचा अर्ज आणि विक्रीपत्र ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयात जातं. नवं प्रमाणपत्र येईपर्यंत अर्जाची प्रत विमानात ठेवून उडता येतं, पण फक्त अमेरिकेच्या हद्दीत. एल पासोला विमानतळापलीकडे थोड्याच अंतरावर मेक्सिको सुरू होतो, तिथे वाट चुकून चालणार नाही. लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या दुरुस्ती-तपासणीच्या नोंदवह्या, विमानात ठेवणार नाही. त्यांची पानं स्कॅन केली आहेत आणि मूळ वह्या कुरिअरने घरी पाठवल्या आहेत. त्या हरवल्या तर विमानाची किंमत बरीच घसरते.

खरी जोखीम पहिल्या दहा तासांत असते, कारण यंत्र अजून ओळखीचं नसतं. म्हणून पहिला दिवस प्रवासाचा नाही. विमा कंपनीच्या अटीप्रमाणे प्रशिक्षक शेजारी असेल, आणि त्याच विमानतळाभोवती तासभर फिरून खाली उतरायचं. उतरल्यावर इंजिनावरचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात तेल कुठे पाझरतंय का ते बघायचं. मग टाकी काठोकाठ भरायची आणि किती इंधन लागलं ते लिहायचं. तासाला साधारण ३२ लिटर लागायला हवं. ४० लागलं तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. जुन्या सेस्नाच्या काट्यांवर विसंबू नये. टाकीत काठी बुडवून मोजायचं आणि हवेत घड्याळ बघायचं. वापरण्याजोगं इंधन १५० लिटर, म्हणजे साडेचार तासांचं. तरी अडीच तासांपेक्षा लांब टप्पा घेणार नाही. दिवसा अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक असावं असा नियम आहे. समोरून वारा असताना मला ते फार तुटपुंजं वाटतं.

रोज सकाळी दोन्ही पंखांखालून आणि इंजिनाच्या गाळणीतून थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढायचं. इंधन निळसर असतं. पाणी जड, ते तळाला वेगळं दिसतं. टाकीच्या झाकणाचं रबर जुनं झालं की पावसाचं पाणी आत जातं. दुसरा शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. ती वेग मोजणाऱ्या नळीत मातीचं घर बांधते, मग धावपट्टीवर पळतानाही काटा शून्यावर राहतो. टाकीच्या हवेच्या नळीत बांधलं तर आणखी वाईट. हवा आत जात नाही, आणि टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी राहतं.

मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याने जाताना दमट हवेची आणखी एक खोड असते. बाहेर वीस अंश तापमान असलं तरी इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो, कारण इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना ती खूप थंड होते. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. उपाय एकच, गरम हवेची दांडी पूर्ण ओढायची. बर्फ वितळताना इंजिन क्षणभर खडखडतं. तेव्हा घाबरून दांडी परत ढकलायची नाही.

टेक्सास ओलांडला की प्रश्न बदलतो. एल पासोचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास ४,००० फुटांवर आहे. ऑक्टोबरच्या दुपारी २७ अंश असले तर हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण ६,४०० फुटांवर आहोत असं वाटतं. धाव दीडपटीहून जास्त लागते, चढण्याचा वेग निम्म्याच्या जवळ येतो, आणि इंधनाचं मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, केलं नाही तर तेवढीही ताकद मिळत नाही. म्हणून फक्त सकाळी उडायचं. दुपारी दोनच्या आत दिवसाचं शेवटचं उतरणं, कारण त्यानंतर वाळवंटातली हवा उकळायला लागते. वाट शक्यतो महामार्ग क्रमांक दहाच्या, पुढे क्रमांक आठच्या कडेने ठेवली आहे. इंजिन बंद पडलंच, तर जमिनीपासून ४,००० फुटांवरून साधारण दहा किलोमीटर तरंगत जाता येतं. तेवढ्या टापूत उतरायला सपाट जागा हवी. बाबा, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथही एकाच इंजिनाचं होतं.

आता तारखेबद्दल. अशा प्रवासात बिघाडाइतकीच घातक असते ती आज पोहोचायलाच हवं ही घाई. ढग खाली आलेत, पण घरी सगळे वाट बघताहेत, म्हणून माणूस ढगाखालून पुढे जात राहतो आणि डोंगरात अडकतो. वाटेत कोणतंही गाव आलं आणि हवा बिघडली, की विमान दोरांनी बांधून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत सुधारली नाही तर प्रवासी विमानाने घरी यायचं आणि पुढच्या आठवड्यात परत जायचं. चार दिवस लागतील किंवा तीन आठवडे. म्हणून आई, दिवाळीचा फराळ मी पोहोचण्याच्या हिशोबाने पाठवू नकोस, आणि ‘आज किती अंतर झालं’ असं विचारू नका. ‘कुठे थांबलीस, जेवलीस का’ एवढंच विचारा.

प्रत्येक टप्प्याआधी उड्डाणाची नोंद केलेली असेल. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात ती बंद झाली नाही, तर शोध आपोआप सुरू होतो. शिवाय उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र खिशात असेल, आणि वाळवंटासाठी माणशी चार लिटर पाणी, ब्लँकेट आणि तेलाचे जादा डबे. पश्चिम टेक्सासमध्ये मोबाइलला रेंज नसते. संदेश उशिरा आला तर तेच कारण समजा.

फ्लोरिडात दुपारचे दोन वाजतात तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा, बहुतेक टेक्सासात दोन वाजतात तेव्हा तुमचे साडेबारा, आणि ॲरिझोनापासून पुढे दोन वाजतात तेव्हा पहाटेचे अडीच. जागत बसू नका. ‘उतरले’ एवढा एकच शब्द आणि गावाचं नाव पाठवेन. सकाळी चहाच्या वेळी फोन बघा. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आईच्या हाती ठेवा.

तुमची,
लेक