भंते एकटे राहू शकत नाहीत

ता. मोर्शी, जि. अमरावती
पोळ्याचा आदला दिवस

प्रिय संजय,
सप्रेम जय भीम.

फोन मधेच कटला. इथल्या रेंजचं तुला माहीत आहेच, म्हणून सावकाश लिहितो. तुझ्या पोरीच्या पुस्तकात ‘मंक’ म्हणजे जग सोडून एकटा राहणारा, असं दिलंय आणि आपले भंते तसेच का, हा तिचा प्रश्न. इंग्रजी शब्दापुरतं पुस्तक बरोबर आहे. तो ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्यात ‘एकटा’ हाच अर्थ. पण आपला भिक्खू एकटा राहूच शकत नाही गड्या, मनात आणलं तरी.

यंदा वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात न फिरता एकाच जागी राहायला, एक भंते आपल्या विहारात आहेत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. परवा सकाळी गेलो, तर खिडकीत केळीची फणी. कोणीतरी घाईत ठेवून वावरात निघून गेलेलं. भंते समोरच बसलेले, पण हात लावला नाही. कोणी हातात दिल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम. सूट फक्त पाण्याला नि दातुनाला. शेवटी शेजारचं पोरगं बोलावलं, त्यानं दोन्ही हातांनी फणी दिली, तेव्हा दोन केळी खाल्ली. उरलेली उद्यासाठी ठेवायचीही मुभा नाही. ती पोरगंच घेऊन पळालं.

बारानंतर जेवण नाही आणि बाया तर सकाळीच निंदायला जातात. म्हणून वस्तीनं पाळ्या लावल्यात, विहाराच्या भिंतीवर खडूनं नावं लिहिलीत. ज्याची पाळी, त्याच्या घरून आंबाडीची भाजी नि भाकर लवकर येते. माती खणायची नाही, रोप उपटायचं नाही, हेही नियमच. “भंते, आमच्या सोयाबीनमध्ये दोन तास या ना,” म्हटलं तर नुसते हसले. पेरता येत नाही, साठवता येत नाही, म्हणजे रोज लोकांच्या दारी आलंच! वर्षावाससुद्धा लोकांच्या तक्रारीवरून सुरू झाला: पावसात फिरणारे भिक्खू हिरवं गवत नि बारके जीव तुडवतात म्हणून.

पोरीला आपल्याच तालुक्यातलं रिद्धपूरही सांग. महानुभावांचे काळ्या वस्त्रातले भिक्षू तिनं पाहिले असतीलच. चारही वर्णांच्या घरची भिक्षा घ्यावी, हा चक्रधरांचा दंडक. तेराव्या शतकात हे सोपं नव्हतं.

मी काही फार भाविक नाही, तुला ठाऊक आहे. गाडीतून उतरून थेट स्टेजवर चढणारे नि हार घालून निघून जाणारे चीवरधारी, म्हणजे भिक्खूचं वस्त्र घातलेले, मला पटत नाहीत. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच घातलाय आणि त्यांचा कौल सेवकाकडे आहे. आमचे भंते संध्याकाळी पोरांची गणितं घेतात. त्यांना अपूर्णांक फारसे जमत नाहीत, ते सोड.

आश्विन पौर्णिमेनंतर चीवरदानाचा कार्यक्रम आहे, पोरीला घेऊन ये. भंतेंच्या पंगतीला बसायचं असेल, तर सकाळची पहिलीच एसटी पकड. वहिनींना जय भीम.

तुझाच,
प्रकाश