पिशवी टेबलावर ओतून पाहा: ज्येष्ठांच्या औषधांबाबत आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: ज्येष्ठ रुग्णांच्या सर्व औषधांची एकत्रित तपासणी सुरू करण्याबाबत

महोदय,

बीपी-शुगरच्या ओपीडीत सत्तरीचा रुग्ण येतो, केसपेपरवर 'गोळ्या रिपीट' लिहिले जाते आणि तो महिन्याची औषधे घेऊन घरी जातो. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी त्या कागदावर कुठेच नसते. बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना ती पोटात गेली, की घात होतो. लघवीच्या गोळीने अंगातले पाणी घटते, डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी आकसते, आणि अशा वेळी मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब सांभाळण्याची शरीराची सोय टेल्मिसार्टनने आधीच बंद केलेली असते. त्यात जुलाब लागले तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची गाळण मंदावली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) दोन-चार दिवसांत चढते.

क्रिएटिनिनचा आकडाही फसवतो. 80 वर्षांच्या, 42 किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन 1.1 आले की रिपोर्ट नॉर्मल म्हणून बाजूला पडतो. वय आणि वजन धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशोब केला, तर मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला जेमतेम 27 मिली निघते. अशा आजींना ग्लिबेनक्लामाइड ही साखर उतरवणारी गोळी दिली, तर एका चुकलेल्या जेवणाने साखर उतरते; गूळपाण्याने वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरते. त्या बरळतात, आणि घरचे म्हणतात, वय झाले.

बीपीच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजतात. ती सूज गोळीची आहे हे ओळखले नाही, की फ्रुसेमाइड ही लघवीची गोळी सुरू होते. मग पोटॅशियम घटते, पायात गोळे येतात, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे आणि त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी आठवड्याची ओपीडीही आहे. पाच किंवा अधिक औषधे घेणाऱ्यांची वर्षातून दोनदा पिशवी तपासणी तिथेच करावी. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्ण-काढे, डोळ्यांचे थेंब, झोपेच्या गोळ्या घेऊन या, असा निरोप आशाताईंनी द्यावा. औषध निर्माण अधिकाऱ्यांनी पिशवी टेबलावर ओतून प्रत्येक औषधाचे मूळ नाव लिहावे. तिथेच कळते, की शुगरची ग्लिमेपिराइड सरकारी पाकिटातही आहे आणि खासगी डॉक्टरांच्या जोडगोळीतही (एकाच गोळीत दोन औषधे). सुट्ट्या गोळ्या देताना पट्टी अशी कापली जाते, की नाव आणि मुदत दुकानातच राहते, म्हणून अन्न व औषध प्रशासनाशीही बोलावे.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रत्येक गोळीसमोर कारण लिहावे. कारण सापडले नाही, तर ती थांबवता येईल का ते पाहावे. झोपेची अल्प्राझोलाम मात्र एकदम तोडू नये, फिटचे झटके येऊ शकतात. साधारण दोन आठवड्यांनी पाव भाग कमी करत जावे. बंद केलेली औषधेही रुग्णाच्या कार्डावर ठळक लिहावीत, नाहीतर जुनी चिठ्ठी दाखवून तीच पुन्हा घेतली जातात.

एका रुग्णाला वीस मिनिटे लागतील. ती शासन निर्णयातच धरावीत आणि क्रिएटिनिनची तपासणी त्याच दिवशी मोफत व्हावी, ही विनंती.

आपले,
ज्येष्ठ रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि फार्मासिस्ट