टेकलेला पाय

सोलापूर,
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परवा पाठवलेला तायक्वांदोच्या सरावाचा व्हिडिओ मी आणि तुझ्या बाबांनी तीन-चार वेळा पाहिला. गिरकी घेऊन मारायच्या हुक किकमध्ये, म्हणजे द्वी हुर्यो चागीमध्ये, तू सलग सहा वेळा तोल जाऊन बाजूला पडलीस आणि सातव्या वेळी चिडून लाथेचा नेम धरायचे पॅडलच भिंतीकडे भिरकावलेस, हे पाहून बाबांना फार हळहळ वाटली. मला मात्र त्या व्हिडिओत दुसरेच काही दिसले आणि ते फोनवर घाईने सांगण्याऐवजी नीट लिहून कळवावे असे वाटले. फोनवर तू "हो आई" म्हणतेस आणि तेवढ्यावर विषय संपतो. पत्र तुला पुन्हा काढून वाचता येईल.

"पाय तेवढा वर जातच नाही" असे तू लिहिले आहेस. मी प्रत्येक वेळी वर जाणाऱ्या पायाकडे पाहणे मुद्दाम टाळले आणि मॅटवर टेकलेल्या पायाकडे पाहिले. सहाही वेळा ते पाऊल अर्ध्यावर थांबले होते. कंबर पुढे निघून गेली होती, खांदे फिरले होते, डोके तर त्याआधीच खाली झुकले होते, आणि पाऊल तेवढे मॅटला चिकटून राहिले होते. वरचा पाय हवा तिथपर्यंत जवळजवळ पोचत होता, बाळ. त्याला नेऊन परत आणणारा पाय तयार नव्हता.

हे मला इतक्या चटकन का दिसले, याचे कारण तुला अर्धेच ठाऊक आहे. आईचा गुडघा खेळताना गेला, एवढे तू लहानपणापासून ऐकत आलीस. १९९८ साली मी अकरावीत होते. तायक्वांदो तोपर्यंत १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये केवळ प्रात्यक्षिकाचा खेळ म्हणून झाला होता, पण २००० साली सिडनीत त्याला पदके मिळणार हे ठरले होते आणि आम्हा मुलींच्या अंगात त्या बातमीनेच वारे संचारले होते. जिल्हा स्पर्धेला पंधरा दिवस राहिले होते. क्लासमध्ये मॅट अपुरे पडत, म्हणून मी पहाटे घराच्या गच्चीवर शहाबादी फरशीवर सराव करीत असे, आणि फरशी पायाला खरखरीत लागते म्हणून रबरी तळाचे बूट घालत असे. माझी डोल्यो चागी, म्हणजे कंबर फिरवून आडवी मारायची लाथ, छातीच्या उंचीला चांगली बसत होती. मला ती डोक्यापर्यंत न्यायची होती आणि तीही पंधरा दिवसांत. त्या दिवशी मी सगळी ताकद लावून कंबर फिरवली, बुटाचा तळ फरशीला धरून राहिला, आणि कंबरेची सगळी पीळ मधल्या गुडघ्यावर आली. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. लिगामेंट तुटले होते आणि माझे खेळणे तिथेच संपले.

म्हणूनच डोल्यो चागी तुला येते हे माहीत असूनही मी ती पुन्हा पहिल्यापासून सांगते आहे. गुडघा आधी समोर, सरळ उचलायचा; बाजूने वळसा घालून आणलेला पाय दिसायला मोठा असतो, पण तो समोरच्याला लांबूनच कळतो. गुडघा वर येत असतानाच टेकलेल्या पायाची टाच किंचित उचलून, चवड्यावर, पाऊल इतके फिरवायचे की टाच समोरच्या खेळाडूकडे पाहू लागेल. मग खुबा पलटतो, आणि खुबा पलटल्यावरच नडगी सुटते. लागल्यानंतर पाय आधी दुमडायचा आणि मग खाली ठेवायचा, तो पडू द्यायचा नाही. यातले पाऊल फिरणे जिथे राहून जाते, तिथे पीळ जायला दुसरी जागा उरत नाही, कारण गुडघा हा मुख्यतः दुमडण्यासाठी आणि सरळ होण्यासाठी घडलेला सांधा आहे. फिरण्याचे काम वर खुब्याचे आणि खाली पावलाचे.

उंचीबद्दलही एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. पाय बाजूला वर जात नाही तेव्हा आपण म्हणतो की स्नायू आखडले आहेत. काही वेळा ते खरे असते. पण मांडीचे हाड न फिरवता सरळ बाजूला उचलत गेले, तर एका ठिकाणी हाडाचा वरचा भाग खुब्याच्या वाटीच्या काठाला टेकतो आणि तिथून पुढे कितीही ताणले तरी हाडाने हाड अडलेलेच राहते. मांडी फिरवली आणि कंबर कलती केली की तोच पाय आणखी वर जातो. योप चागीत, म्हणजे बाजूला मारायच्या लाथेत, धड मागे कलते करायला सांगतात आणि टेकलेले पाऊल मागे वळवायला लावतात, ते याच्यासाठी. त्यातही प्रत्येकाच्या वाटीची खोली आणि दिशा जन्मतः वेगळी असते; तुझ्या मैत्रिणीचा पाय सहज कानापर्यंत जातो म्हणून तुझाही जायलाच हवा असे शरीरात कुठे लिहिलेले नाही. आमच्या वेळी एका शिबिरात मुलींना भिंतीशी बसवून दोघे जण पाय दाबून फाकवीत आणि ओरडणाऱ्या मुलीला भित्री म्हणत. माझ्या शेजारच्या मुलीच्या जांघेचा स्नायू त्यात फाटला आणि ती पुन्हा कधी क्लासला आली नाही. कोणी तुझ्या पायावर असे वजन टाकू लागले, तर उठून उभी राहा. मोठ्यांचा अपमान होईल असे मनात आणू नकोस.

ताणण्याची वेळही पाहा. एकाच स्थितीत मिनिटभर किंवा त्याहून अधिक धरून ठेवलेला ताण सरावाआधी घेतला, तर स्नायूची झटक्याने काम करण्याची ताकद काही काळ कमी होते. सरावाआधी थोडे धावणे, पाय पुढे-मागे आणि बाजूला झुलवणे, हळू लाथा. आणि लांब धरून ठेवायचे ताण सराव संपल्यावर, अंग गरम असताना.

आता तुझ्या गिरकीकडे येते. मला खरा आक्षेप क्रमाबद्दल आहे. तुझी द्वी चागी, म्हणजे पाठ वळवून सरळ मागे मारायची लाथ, अजून पक्की झालेली नाही आणि तू द्वी हुर्योवर गेलीस. दोन्हींची सुरुवात एकच आहे: पुढच्या पायाच्या चवड्यावर फिरायचे, टाच समोरच्याकडे वळवायची, पाठ दाखवायची आणि खांद्यावरून मान वळवून नेम पाहायचा. द्वी चागीत तिथून टाच सरळ रेषेत मागे जाते. हुर्योत पाय नेमाच्या थोडा बाजूला लांब होतो आणि टाच आडवी ओढली जाते. सरळ रेषेत मारताना चूक झाली तर लगेच कळते, कारण पॅडल चुकते किंवा लाथ निसटून बाजूला जाते. आडव्या ओढीत तीच चूक वेगाखाली लपते आणि शेवटी तोल जातो तेव्हा दिसते. तू पडलीस ती शेवटी, पण चुकलीस ती पहिल्या पावलाला आणि मानेला. नजर खाली गेली की खांदा खाली जातो आणि खांद्यामागे सगळे शरीर.

बाबांनी व्हिडिओ पाहताना जे म्हटले ते तुला सांगायलाच हवे. आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा म्हणून, काम केलेला माणूस. त्यांना लाथांची नावे येत नाहीत. ते म्हणाले, "हिचा धोटा आधी सुटतोय." मागावर ताण्याचे धागे वर-खाली होऊन आधी वाट उघडते, मग त्या वाटेतून धोटा जातो, मग फणी येऊन बाणा ठोकते. धोटा क्षणभर जरी लवकर सुटला, तरी तो मिटलेल्या ताण्यात अडकतो आणि एका फटक्यात शेकडो धागे तुटतात. अशा वेळी बाबा मागाचा वेग वाढवीत नाहीत. माग थांबवून, चाक हाताने हळूहळू फिरवून, काय कशाच्या आधी होते आहे ते पाहतात. तू तेच कर. भिंतीला एक हात टेकवून द्वी चागी चार भागांत मोड: पाऊल आणि मान, गुडघा छातीशी, टाच मागे, पुन्हा गुडघा छातीशी. प्रत्येक भागात मनात पाचपर्यंत मोज. दोन्ही बाजूंनी दहा-दहा झाल्या की त्या दिवशी पुरे. हळू लाथ मारणे हे वेगाने मारण्यापेक्षा कठीण आहे, कारण हळू मारताना वेग तुला सावरायला येत नाही.

तुला गिरकीच्या लाथांची एवढी ओढ का आहे, हे मी समजू शकते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये धडावरच्या ठोशाला १ गुण, धडावर साध्या लाथेला २ आणि डोक्यावर ३, तर गिरकीच्या लाथेला धडावर ४ आणि डोक्यावर ५ असे गुण होते. दोन मिनिटांच्या फेरीत एका लाथेला पाच गुण, हा मोह कोणालाही व्हावा. पण हे गुण जास्त आहेत, कारण त्या लाथेत तू क्षणभर समोरच्याला पाठ देतेस. समोरची खेळाडू पुढे झेपावत असते तेव्हाच ती लाथ सापडते, आणि त्या क्षणी पाऊल कसे वळवायचे हा विचार करायला वेळ नसतो. डोक्याच्या उंचीवाचून खेळ नाही असे वाटत असेल, तर पॅरा तायक्वांदोच्या लढती पाहा. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि आपली अरुणा तंवर तिथे तायक्वांदोत उतरलेली पहिली भारतीय ठरली. तिथले बहुतेक खेळाडू हातांनी अपंग असतात आणि डोक्यावर लाथ मारण्यास त्यात मनाईच आहे. सगळे युद्ध धडाच्या उंचीवर चालते, तोल सावरायला हातांची पुरेशी मदत नसते, आणि तरीही गिरक्या पाहून आपला श्वास थांबतो.

५४० किकचा विषय तू निघता निघता काढला होतास. उडी मारून हवेतच गिरकी पूर्ण करायची आणि ज्या पायाने लाथ मारली त्याच पायावर उतरायचे, अशी ती लाथ आहे. मी तिला "नाही" म्हणत नाही. "आत्ता नाही" म्हणते. उडी आणि वळण असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्याचे लिगामेंट मुलांपेक्षा अधिक प्रमाणात तुटते, आणि उतरताना गुडघा आत वळणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. आरशासमोर एका पायावर अर्धे बसून पाहा. गुडघा पावलाच्या रेषेत राहिला तर ठीक. तो अंगठ्याच्या आत जात असेल, तर मांडीचे आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू अजून तयार नाहीत. सध्या फक्त उतरण्याचाच सराव कर: बुटक्या स्टुलावरून एका पायावर, आवाज न करता.

काल रात्री गल्लीत नंदीध्वजाची उंच काठी पेलण्याचा सराव चालला होता. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा महिन्यावर आली. एक तरुण मुलगा पहिल्यांदाच काठी कमरेला घेत होता आणि बघणारे आम्ही सगळे वर शेंड्याकडे पाहत होतो. त्याला शिकवणारे वयस्कर गृहस्थ मात्र खाली वाकून त्याची पावलेच पाहत होते. काठी डोलली की ते "पाय, पाय" एवढेच म्हणत. मला तुझी फार आठवण झाली. लहानपणी तू दुमडलेल्या चादरींची चळत करून तिच्यावर उड्या मारायचीस, आणि चादर फरशीवरून सरकली की मला बोलवायचीस.

दुखण्याबद्दल थोडेसे. सरावानंतर एक-दोन दिवस मांड्या भरून येणे, जिने उतरताना ठणकणे, हे चालायचेच. पण सांध्यात एकाच बिंदूवर टोचल्यासारखे दुखले, सूज आली, गुडघा मध्येच अडकला किंवा दगा देईल असे वाटले, तर त्याच दिवशी थांब आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. स्पर्धा आठवड्यावर आहे, हे कारण मला सांगू नकोस. मी ते कारण स्वतःला सांगितले होते.

बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ मंगळवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवते आहे, वसतिगृहातल्या मैत्रिणींनाही दे. संक्रांतीला येशील तेव्हा पहाटे गच्चीवर जाऊ. आता तिथे जाड मॅट घातले आहेत. तू लाथ मार, मी पॅडल धरीन. तेवढे मला अजून जमते.

त्याआधी एक व्हिडिओ मात्र नक्की पाठव. मोबाइल जमिनीवर ठेव आणि गुडघ्याच्या वरचे काहीही त्यात येऊ देऊ नकोस. मला फक्त टेकलेला पाय पाहायचा आहे.

तुझी,
आई