चर्चिलच्या ताईंना, आईच्या वतीनंही

ताई,

सप्रेम नमस्कार.

निघताना तुम्ही बजावलं होतंत की माझं नाव कुठे लिहू नकोस. म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण घरात माझ्या आईसारखं माणूस असलेल्या आणि उत्तरेकडे जावं की नाही अशा विचारात पडलेल्या कुणीतरी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आईला डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. समोरचं, मधलं काही दिसत नाही. कडेचं थोडं धूसर दिसतं. तिनं सांगली जिल्ह्यातल्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. हडसनचा उपसागर नकाशात कुठे आणि त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर काय, हे ती आजही झोपेतून उठवलं तरी सांगेल. मी कॅनडात विनिपेगला राहायला आल्यापासून तिचा एकच हट्ट होता, त्या किनाऱ्यावरच्या चर्चिल गावाला जायचं. एका सहल कंपनीनं फोनवर स्पष्टच सांगितलं की ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सहल नाही. नातेवाइकांचा सूरही तोच होता, एवढा खर्च करून तिला दिसणार काय?

मग मराठी मंडळातल्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. चर्चिलच्या दवाखान्यात नर्स असलेली अमरावतीची बाई, एवढीच माहिती होती. मी सगळं सांगितल्यावर तुम्ही क्षणभरही न थांबता विचारलंत, "काकूंना ऐकू नीट येतं ना? बोटांना मुंग्या वगैरे? वास कळतो?" आणि लगेच, "मग या. जुलैच्या अखेरीस या. बाकी मी बघते." तोवर आईला काय जमणार नाही याचीच यादी मी ऐकत आले होते. तिला काय काय जमतं, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

विनिपेगहून सतराशे किलोमीटर, दोन रात्री. चर्चिलला रस्ताच जात नाही, त्यामुळे रेल्वे नाहीतर विमान. पुढे पुढे गाडी इतकी सावकाश चालते की आईनं स्वतःच ओळखलं, "खाली दलदल आणि गोठलेली जमीन असणार, रूळ एका पातळीत राहत नसतील." स्टेशनवर तुम्ही गाडी घेऊन उभ्या होतात. तिथून गावात शिरताशिरता आईला सगळा भूगोल ऐकवलात. इथे सदाहरित जंगल संपतं, टुंड्रा सुरू होतो आणि समुद्रही इथेच लागतो, अशी तिन्हींची गाठ पडलेलं हे जेमतेम नऊशे वस्तीचं गाव. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिला विद्यार्थी पुष्कळ मिळाले, पण तिच्याशी भूगोल बोलणारं माणूस फार दिवसांनी भेटलं.

आता बेलुगांबद्दल. उन्हाळ्यात चर्चिल नदीच्या मुखाशी सुमारे तीन हजार बेलुगा देवमासे येतात, हे वाचून माहीत होतं. इथलं पाणी त्यातल्या त्यात उबदार असतं. तिथे ते तळाच्या खडीवर अंग घासून जुनी कातडी काढतात, कॅपेलिन मासे खातात, पिल्लं सांभाळतात. बहुतेक लोक ते बघायला येतात. तुम्ही मात्र मुद्दाम पाण्याखालचा मायक्रोफोन असलेली बोट ठरवलीत, आणि तीही सकाळची, कारण "दुपारी वारा सुटला तर लाटांच्या आवाजात काही कळत नाही." बोटवाल्यानं इंजिन न्यूट्रलला टाकलं, वायर पाण्यात सोडली आणि स्पीकर आईच्या मांडीवर ठेवला.

त्या आवाजाचं वर्णन मला धड करता येणार नाही. शिट्ट्या, करकर, किणकिण, मध्येच लाकडाची खिटी ओढल्यासारखं काहीतरी, सगळं एकाच वेळी. आई डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "प्रार्थनेच्या घंटेआधी पाचवीचा वर्ग असाच असतो." मग तुम्ही तिला सांगू लागलात. बेलुगाला स्वरयंत्रातून आवाज काढता येत नाही, तो नाकाच्या मार्गातल्या हवेतून काढतो. कपाळावरचा मऊ फुगवटा तो हवा तसा हलवतो आणि आवाज पुढे फेकतो. त्या टकटकीचा प्रतिध्वनी ऐकूनच गढूळ पाण्यातही त्याला वाट कळते. आई आणि पिल्लू एकमेकांना हाक देत राहतात, म्हणजे चुकामूक होत नाही. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाली, "म्हणजे यांचंही ऐकण्यावरच चालतं तर."

बोटीला लागून एक मादी वर आली. शेजारी तिचं राखाडी पिल्लू. जन्मतः ती राखाडीच असतात, पांढरी व्हायला वर्षं लागतात. तिनं श्वास सोडला आणि त्याचे तुषार आईच्या मनगटावर उडाले. आईनं मनगट पुसलं नाही. वास घेतला, मला घ्यायला लावला. मासळीचा, थंड, जरासा खारट वास. तुम्ही तिचा कोट मागून घट्ट धरून बसला होतात. तो हात मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी टुंड्रावर तुम्ही तिला चक्क खाली बसवलंत. डासांची जाळी डोक्यावर घालून आम्ही तिघी त्या ओल्या गादीसारख्या जमिनीवर! सोबतचा बंदूकधारी वाटाड्या ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवून उभा होता, त्याशिवाय तुम्ही पाऊल टाकू दिलं नसतंत. लॅब्राडोर टीची पानं चुरगळून आईच्या नाकाशी धरलीत. कोरडं दगडफूल बोटाखाली कसं कुरकुरतं आणि तेच ओलं झालं की कसं रबरासारखं होतं, दोन्ही दाखवलंत. आणि ते स्प्रूसचं झाड! एका अंगाला फांद्या, दुसऱ्या अंगाला नुसतं खोड. आईनं खोडावरून पंजा फिरवला आणि विचार करून म्हणाली, "वारा इकडून येतो." तंतोतंत वायव्येकडे बोट! हिवाळ्यात तो वारा बर्फाचे कण मारून त्या बाजूचे कोंब टिकूच देत नाही, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मी डोळ्यांनी तीच झाडं सकाळपासून बघत होते आणि मला दिशा कळली नव्हती.

प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्याबद्दलही तसंच. फोटोत तो चांदणीच्या आकाराचा दिसतो. जमिनीवरून तो आकार डोळसांनाही कळत नाही. तुम्ही आईला भिंतीला हात लावत कोपऱ्यापर्यंत चालवलंत, वळवलंत, पुन्हा चालवलंत, आणि बुरुजाचं टोक तिच्या पायांना कळलं. हडसन्स बे या इंग्रज व्यापारी कंपनीनं १७३१ च्या सुमारास काम सुरू केलं, ते चाळीसएक वर्षं चाललं. आणि १७८२ मध्ये फ्रेंचांची जहाजं आली तेव्हा एकही तोफ न डागता किल्ला त्यांच्या ताब्यात गेला. इतक्या जाड भिंतींच्या आत माणसंच मूठभर होती. गंजलेल्या तोफेवर हात ठेवून आई हे ऐकत होती.

पण तिला जास्त भावली ती मॅटोनॅबीची हकीगत. याच किल्ल्यातून सॅम्युअल हर्न हा इंग्रज शोधप्रवासी दोनदा निघाला आणि दोनदा हात हलवत परत आला. तिसऱ्यांदा मॅटोनॅबी हा डेने या तिथल्या आदिवासी लोकांचा पुढारी वाटाड्या झाला, कुठल्या हंगामात कॅरिबू हरणं कुठे असतात ते त्याला ठाऊक होतं, बायका सोबत असल्याशिवाय असा प्रवास होत नाही हे त्यानंच हर्नला सांगितलं, आणि १७७१ च्या जुलैत हर्न चालत आर्क्टिक समुद्रापर्यंत पोहोचला. त्याही आधीची थानाडेल्थुर. क्री या दुसऱ्या आदिवासी लोकांच्या कैदेतून सुटलेली तरुण डेने स्त्री, जिनं १७१५ च्या मोहिमेत डेने आणि क्री यांच्यात समेट घडवून आणला. तिच्यामुळे उत्तरेची वाट उघडली आणि १७१७ मध्ये, ती गेली त्याच वर्षी, कंपनीचं चर्चिलचं व्यापारी ठाणं उभं राहिलं. नकाशावर हर्नचं नाव असतं, आई म्हणाली, मीही वर्गात तेवढंच सांगत आले. आता या दोघांची नावं ती जुन्या विद्यार्थ्यांना फोनवर सांगत असते.

किल्ल्यावरून परतताना तुम्ही स्लूप्स कोव्ह या छोट्या खाडीबद्दल सांगितलंत. १७४१ च्या हिवाळ्यात जिथे जहाजं नांगरून ठेवली होती, तिथे आज होडीलाही पाणी पुरत नाही. हिमयुगातल्या बर्फाच्या भारानं दबलेली जमीन अजून वर येते आहे, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. त्या संध्याकाळी आई दुसऱ्या कशाबद्दल बोललीच नाही. दहा वाजले तरी बाहेर उजेड होता, ती बोलत होती आणि तुम्ही पिठलं ढवळत ऐकत होतात, दिवसभराची ड्यूटी करून आलेल्या असूनही.

ताई, तुम्ही आम्हाला डेने व्हिलेजच्या स्मारकापाशी नेलंत, त्याबद्दल वेगळे आभार. पर्यटकांना तिथे न नेताही चाललं असतं. तुम्ही म्हणालात, "हे ऐकल्याशिवाय चर्चिल बघितलं असं म्हणू नये." १९५६ मध्ये सरकारनं लिटल डक लेकजवळच्या सायिसी डेने लोकांना विमानात घालून इथे आणून सोडलं. कॅरिबू कमी होण्याला तेच जबाबदार आहेत असा सरकारचा समज होता आणि तो चुकीचा होता. अडीचशेच्या आसपास माणसं. धड निवारा नाही, शिकार नाही. इथे काढलेल्या वर्षांत त्यांच्यातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं गेली. १९७३ मध्ये उरलेले तादूले लेकला गेले आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा गाव वसवलं. केंद्र सरकारनं माफी मागितली ती २०१६ मध्ये.

आईच्या वर्गात चांदोलीच्या धरणग्रस्तांची मुलं असायची. तिनं तुम्हाला एकच प्रश्न विचारला, "सामान किती नेऊ दिलं?" तुम्ही सांगितलंत, सापळे, होड्या, घसरगाड्या, सगळं तिथेच राहिलं. आई बराच वेळ दगडावर हात ठेवून उभी होती. तुम्हीही घाई केली नाहीत, आणि मलाही करू दिली नाहीत.

इत्सानिताक संग्रहालयात वस्तू काचेमागे आहेत, हे माहीत असल्यामुळे तुम्ही आधीच तिथल्या बाईंशी बोलून ठेवलं होतंत. त्यांनी विक्रीच्या कपाटातली इनुइट कोरीव कामं काढून एकेक आईच्या हातात दिली. दगडात कोरलेला वॉलरस तिनं लगेच ओळखला, सुळ्यांवरून. एक मूर्ती मात्र ती कितीतरी वेळ चाचपत होती. पाठीवरच्या कोटाच्या टोपीत मूल घेतलेली बाई होती ती. मुलाचं डोकं बोटाला लागलं तेव्हा आई हसली. ती मूर्ती आता सांगलीला देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे.

अस्वल शेवटच्या दिवशी दिसलं. किनाऱ्यावरच्या खडकांत, गाडीतून, बऱ्याच लांबवर. मला दुर्बिणीतून दिसत होतं, आईला पांढरा ठिपकाही नाही. तुम्ही तिच्या कानाशी सांगत राहिलात, "काकू, उजव्या कुशीवर झोपलंय. आता मान वर केली. वास घेतंय. पंजा नाकावर ठेवला." समुद्रावरचा बर्फ वितळला की ती किनाऱ्यावर येतात आणि पुन्हा बर्फ धरेपर्यंत जवळपास उपाशी असतात, हेही सांगितलंत. १९८० च्या दशकात पश्चिम हडसन बेमध्ये बाराशेच्या घरात असलेली अस्वलं २०२१ च्या हवाई पाहणीत ६१८ वर आली आहेत, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. ज्या गावात अस्वलापासून पळणाऱ्या कुणालाही आत शिरता यावं म्हणून लोक गाड्यांना कुलूप लावत नाहीत, त्याच गावाला ती नाहीशी होण्याची काळजी आहे. तुम्ही तिथल्याच झाला आहात, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या ड्यूट्या तुम्ही बदलून घेतल्या होत्यात, हे आम्हाला तुमच्या मैत्रिणीकडून कळलं. भाजी तिथे काय भावानं मिळते ते मी दुकानात बघितलं आहे, आणि तुमच्या घरी आईच्या ताटात रोज हिरवी भाजी होती. पैशांचा विषय काढला की तुम्ही उठून चहा ठेवायला जायचात.

आई परत गेली. उन्हाळ्यात नदीतल्या बोटीवरून बेलुगांचं इंटरनेटवर थेट प्रक्षेपण असतं, आवाजासकट, ते तुम्ही तिच्या फोनवर लावून दिलं होतंत. शेजारच्या मुलांना समोर बसवून ती ते ऐकवते. आधी डोळे मिटायला लावते, मग विचारते, आता पिल्लू कोणतं आणि आई कोणती?

तिनं चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला पाठवला आहे. माझ्या ओळखीचे एकजण पुढच्या महिन्यात रेल्वेनं तिकडे येत आहेत, त्यांच्याजवळ देते. दिवाळीत रजा मिळाली तर विनिपेगला आमच्याकडेच उतरायचं, हॉटेलचं नाव काढायचं नाही. आईचा निरोप आहे, "तिला म्हणावं, सांगलीला ये. कृष्णेचा घाट मी तुला हाताला धरून दाखवीन."

तुमची,
विनिपेगची धाकटी बहीण